खेळातले विमान आणि तोलाचा इतिहास

गेल्या दिवाळीत माझ्या नातवास त्याच्या मामाने एक विमान पाठविले. विमान खेळातलेच, परंतु किल्ली देऊन फरशीवर धावणाऱ्यांपैकी नव्हे, प्रत्यक्ष आकाशात उडणारे. पेटी उघडली तेव्हा आतून थर्माकोलसारख्या हलक्या द्रव्याचे धड व पंख, शेपटीची पाती, नाकाशी बसवावयाची विजेची मोटर, मळसूत्री पंखा, एक चपटी बॅटरी, बिनतारी संदेश झेलणारा रिसीव्हर, पाती हलविणारी दोन चिमुकली यंत्रे आणि हातात धरून विमान चालविण्याचा ट्रान्समीटर, एवढा संसार निघाला. आजोबा शाळामास्तर, तेव्हा जोडणीचे काम माझ्याकडे आले ह्यात नवल नाही. मी मॅट्रिक झालेला साधा शिक्षक. महाविद्यालयाची पायरी चढण्याचा योग आला नाही. तथापि तीसाहून अधिक वर्षे मुलांस शास्त्र शिकविले असल्यामुळे हे काम म्हणजे आपल्या हातचा मळ, अशी माझी समजूत होती.

दोन संध्याकाळी ओसरीवर बसून आम्ही विमान जोडले. पंख धडावर सरळ बसले की नाही हे दोरा धरून मोजले. पात्यांच्या तारा अडकविल्या. ट्रान्समीटरची दांडी हलविताच सुकाणू योग्य बाजूस वळते ह्याची खात्री केली. बॅटरी मात्र जेथे तिची तार सहज पोहोचली तेथे, म्हणजे पंखाच्या मागल्या कडेखाली, पट्टीने आवळून टाकली. रविवारी सकाळी गावाबाहेरच्या माळावर गेलो. नातवाने विमान हातातून सोडले. त्याने नाक वर केले. आम्हांस आनंद झाला. त्याने ते आणखी वर केले. मी दांडी पुढे ढकलली, पण उपयोग झाला नाही. क्षणभर विमान हवेत उभे राहिल्यासारखे दिसले, आणि दुसऱ्या क्षणी एका कुशीवर कलंडून खडकावर येऊन आदळले. सारा प्रवास पाच-सहा सेकंदांचा. तुकडे गोळा करता करता नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही शाळेत गुरुत्वमध्य शिकवायचात ना?"

ह्या प्रश्नात उपहास नव्हता; म्हणूनच तो अधिक झोंबला. गुरुत्वमध्याची व्याख्या मी फळ्यावर किती वेळा लिहिली असेल ह्याची गणती नाही. मुलांनी ती पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि पुरे गुण मिळविले. परंतु तोलून पाहण्याची वस्तू माझ्या हाती आली तेव्हा मी ती तोलून पाहिली नाही. घरी आल्यावर पुस्तके काढून बसलो, तेव्हा दिसून आले की ही चूक एकट्या माझी नव्हे. उडू पाहणाऱ्या मनुष्यास तिने शतकभर छळले आहे. आज त्याच तोलाचा इतिहास थोडक्यात सांगावा असा विचार आहे.

प्रथम मूळ गोष्ट स्पष्ट करून घेऊ. कावडीने पाणी वाहणारा मनुष्य आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिलेला असेल. बांबूच्या दोन टोकांस दोन घागरी आणि मध्ये खांदा. सारा भार खांद्यावर येतो. पण पुढची घागर जड झाली तर कावड पुढे झुकते, मागची जड झाली तर मागे. विमानात पंख हा खांदा होय. विमानाचा भार तोच उचलतो. गुरुत्वमध्य ह्या खांद्याच्या किंचित पुढे ठेवावयाचा, म्हणजे पुढची घागर थोडी जड. मग मागच्या टोकास काय? तेथे शेपटीचे पाते किंचित उतरते बसविलेले असते, आणि समोरून येणारा वारा त्यास खाली दाबतो. हा दाब म्हणजे मागची घागर. तिची खुबी अशी की, तिच्यातील पाणी वेगाप्रमाणे कमीजास्त होते. विमान नाक खाली करून वेगाने जाऊ लागले की शेपटीवरील दाब वाढतो आणि नाक वर येते; वेग मंदावला की दाब घटतो, नाक खाली येते आणि वेग पुन्हा मिळतो. अशा रीतीने विमान स्वतःस सावरून घेते. परंतु गुरुत्वमध्य फार मागे गेला तर हा सारा व्यवहार उलटतो. नाक वर गेले की ते वरच जाऊ लागते. वेग संपतो, पंखावरून सरळ वाहणारा वारा विस्कटतो आणि पंख भार टाकून देतो. आमच्या विमानाचे हेच झाले. हौशी लोकांत एक म्हण आहे, तिचा आशय असा: नाकजड विमान वाईट उडते, शेपूटजड विमान एकदाच उडते.

आता ही गोष्ट प्रथम कोणी ओळखली ते पाहू. इंग्लंडात यॉर्कशायर परगण्यातील ब्रॉम्प्टन येथे सर जॉर्ज केली ह्या नावाचे एक जमीनदार गृहस्थ होऊन गेले. जन्म १७७३, मृत्यू १८५७. त्यांच्या काळापर्यंत उडू पाहणाऱ्या बहुतेकांचा आदर्श पक्षी हाच होता, म्हणून पंख फडफडविण्याची यंत्रे करण्यात त्यांची शक्ती खर्ची पडे. केलींनी १७९९ साली एका रुप्याच्या लहान चकतीवर दोन आकृत्या कोरविल्या. एका बाजूस पंखावर कार्य करणाऱ्या बलांची विभागणी, दुसऱ्या बाजूस स्थिर पंख व शेपटी असलेल्या यंत्राचे चित्र. उचलण्याचे काम पंखाने करावे आणि पुढे ढकलण्याचे काम निराळ्या साधनाने, हा विचार त्या चकतीवर प्रथम स्पष्ट उमटलेला दिसतो. ती चकती लंडनच्या विज्ञानसंग्रहालयात जपून ठेविली आहे.

पुढे १८०४ साली त्यांनी सुमारे ५ फूट लांबीच्या एका काठीवर पतंग पंखासारखा बसविला, मागे चौपाती शेपूट जोडली आणि डोंगराच्या उतारावरून तो हातविमानासारखा सोडून पाहिला. ही सांगड दिसावयास पोरखेळ. परंतु आजच्या विमानाचे अंग तिच्यात आहे. माझे लक्ष वेधले ते एका बारीक गोष्टीने. त्या काठीवर पुढे एक लहानसे वजन होते, आणि ते मागेपुढे सरकविता येत असे. गुरुत्वमध्य कोठे असावा हे केलींनी कागदावर ठरवून सोडून दिले नाही. वजन सरकवून, उडवून, पुन्हा सरकवून ते शोधून काढले. आपल्याकडील मुलगा पतंगाचे मंगळसूत्र बांधताना, दोऱ्याची गाठ थोडी वर, थोडी खाली करून पाहतो, त्यातलाच हा प्रकार. १८०९ व १८१० साली केलींनी आकाशगमनावर आपला तीन भागांचा निबंध प्रसिद्ध केला. त्यातील विचार असे वजन सरकवीत, माळावर मिळविलेले आहेत.

केलींनंतर हे ज्ञान पुढे नेले ते एका फ्रेंच तरुणाने. त्याचे नाव आल्फाँस पेनो. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसमधील तुइलेरी उद्यानात त्याने जाणत्या मंडळींसमोर एक विमान सोडले. त्याचे वजन अवघे १६ ग्रॅम, शक्ती पिळलेल्या रबराची, पंखा शेपटीकडे. पंखांची टोके त्याने थोडी वर उचललेली होती आणि शेपटीचे पाते उतरते ठेवले होते. ते विमान ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले आणि कोणाचाही हात न लागता स्वतःचा तोल सांभाळीत गेले. वर सांगितलेली मागच्या घागरीची युक्ती प्रत्यक्ष उडत्या यंत्रात सिद्ध झाली ती अशी. पेनोचे वय त्या वेळी २१ वर्षांचे. मोठ्या विमानाची त्याची योजना पैशाअभावी व लोकांच्या उपहासामुळे अडून पडली, आणि १८८० साली, अवघ्या तिसाव्या वर्षी, त्याने आपल्या जीविताचा अंत करून घेतला. त्याच्याच कल्पनेवर बनविलेले, रबराच्या पिळाने छतापर्यंत उडणारे एक खेळणे १८७८ साली अमेरिकेतील एका धर्मोपदेशकाने आपल्या दोन मुलांसाठी घरी नेले. त्या मुलांची नावे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट.

येथे क्षणभर विजेकडे वळले पाहिजे, कारण आमचे विमान विजेवर चालणारे. आकाशात विजेने चालण्याचा मान प्रथम वायुनौकांस मिळाला. ९ ऑगस्ट १८८४ रोजी फ्रान्समध्ये शार्ल रेनार व आर्तुर क्रेब्स ह्या दोन सेनाधिकाऱ्यांनी 'ला फ्रान्स' नावाची, वायूने भरलेली नौका विजेच्या मोटरीवर २३ मिनिटांत सुमारे ८ किलोमीटर फिरवून, निघाल्या ठिकाणी परत आणून उतरविली. तिच्यातील बॅटरीचे वजन ४३५ किलोग्रॅम होते! वायूने उचललेल्या नौकेस हे ओझे पेलले. पंखांच्या विमानास ते अशक्य होते. आणि ह्या नौकेतही, गुरुत्वमध्य हलला तर तो सावरण्यासाठी, एक सरकते वजन ठेविलेले होते. केलींचे वजन ऐंशी वर्षांनी पुन्हा भेटले ते असे.

तोल ही केवळ सोयीची बाब नसून प्राणांची बाब आहे हे जगास कळले १८९६ साली. जर्मनीतील ओटो लिलिएन्थाल हे १८९१ पासून टेकडीवरून पंख लावून तरंगत असत. त्यांनी सुमारे २,००० वेळा असे उड्डाण केले. त्यांच्या यंत्रात तोल सांभाळण्याचे साधन एकच, ते म्हणजे स्वतःचे लोंबते शरीर. पाय पुढे झोकले की भार पुढे, मागे नेले की मागे. केलींच्या सरकत्या वजनाच्या जागी येथे जिवंत मनुष्य होता. ९ ऑगस्ट १८९६ रोजी श्टोल्न गावाजवळच्या टेकडीवर त्यांच्या यंत्राचे नाक वर गेले, वेग संपला, आणि शरीर पुढे झोकूनही ते सावरले नाही. सुमारे ५० फुटांवरून ते खाली आले. मान मोडली होती. दुसऱ्या दिवशी बर्लिन येथे त्यांचा अंत झाला. आमच्या माळावर जे घडले तेच त्या टेकडीवर घडले. फरक एवढाच की, आमच्या विमानात कोणी बसलेले नव्हते.

त्याच वर्षी ६ मे रोजी अमेरिकेत प्रोफेसर सॅम्युएल लँगले ह्यांचे वाफेच्या यंत्राचे निर्मनुष्य विमान पोटोमॅक नदीवर सुमारे ३,३०० फूट उडाले. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल हे त्याचे साक्षीदार होते. लँगलेंस वाटले, आता हेच मोठे करावे. परंतु आकार दुप्पट केला तर पंखाचे क्षेत्र चौपट होते आणि वजन आठपट. लहानात जे साधते ते मोठ्यात तसेच साधत नाही. ७ ऑक्टोबर व ८ डिसेंबर १९०३ अशा दोन्ही वेळा त्यांचे मोठे विमान सुटताक्षणीच नदीत पडले. आत बसलेला मनुष्य सुदैवाने वाचला.

त्यानंतर नऊच दिवसांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, राइट बंधूंनी किटी हॉकजवळ मनुष्यासह विमान उडविले. पहिले उड्डाण १२ सेकंदांचे, त्या दिवशीचे शेवटचे ५९ सेकंदांचे. ह्या बंधूंनी लिलिएन्थालांच्या मृत्यूवर खोल विचार केला होता. यंत्राची शक्ती मागाहून मिळेल, आधी हवेत तोल राखावयास शिकले पाहिजे, हा त्यांचा निश्चय. तरीही त्यांचे विमान वरखाली उसळत असे. १९०४ साली ओहायोतील कुरणावर सराव करिताना त्यांनी अखेर विमानाच्या पुढच्या भागी सुमारे ७० पौंड लोखंड बांधले! उडणाऱ्या यंत्रात एकेक औंस वाचविण्यासाठी धडपडणाऱ्या माणसांनी जाणूनबुजून ७० पौंडांचे मृत ओझे पत्करावे, ह्याहून तोलाचे महत्त्व सांगणारा दुसरा दाखला मला ठाऊक नाही.

ह्यापुढे मोठी विमाने आपल्या वाटेने गेली. लहान विमानांस मात्र एक अडचण राहिली. ती सुटली की सुटली; आत बसून सावरणारा कोणी नाही. ही अडचण दूर केली बिनतारी विद्येने. १८९८ साली न्यूयॉर्क येथे निकोला टेस्ला ह्यांनी पाण्याच्या हौदात एक लहान नौका दूर उभे राहून चालवून दाखविली. त्याच वर्षीच्या ८ नोव्हेंबरला त्यांस ह्या शोधाचे पेटंट मिळाले. ती नौकाही बॅटरीवरच चालणारी. पण नौकेस वजनाची पर्वा नसते, विमानास असते. म्हणून बिनतारी यंत्रणा लहान विमानात बसावयास आणखी चाळीस वर्षे लागली. १९३७ च्या सुमारास मिशिगन संस्थानातील वॉल्टर व विल्यम गुड ह्या जुळ्या भावांनी ८ फुटी पंखांचे 'गफ' नावाचे विमान बांधले. इंजिन पेट्रोलचे, रिसीव्हर काचेच्या नळ्यांचा, आणि सुकाणू हलविण्यास पिळलेले रबर. पुढे हे विमान वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात दाखल झाले. नळ्या तापविण्यास व चालविण्यास लागणाऱ्या बॅटऱ्या जड असत. त्या कोठे ठेवाव्या हाच त्या काळच्या हौशी माणसापुढील पहिला प्रश्न असे.

विजेने चालणारे आणि बिनतारी आज्ञा पाळणारे विमान उडाल्याची पहिली नोंद ३० जून १९५७ ची आहे. इंग्लंडातील कर्नल टॅप्लिन ह्यांनी 'रेडिओ क्वीन' हे विमान रुपे-जस्ताच्या बॅटरीवर उडविले. त्याच वर्षी जर्मनीत फ्रेड मिलिट्की हे असाच यत्न करीत होते; त्यांच्या संशोधनातून १९६० साली 'सायलेंटियस' नावाचे, मुलांनी घरी जोडावयाचे विजेचे विमान बाजारात आले. पुढे ह्याच मिलिट्कींच्या खटपटीने २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियातील वेल्स येथे विजेवर चालणारे विमान मनुष्यास घेऊन काही मिनिटे उडाले. खेळण्याने थोरल्या विमानास वाट दाखविली, ती ही अशी. त्यानंतर १९९१ साली लिथियमच्या आयनांची बॅटरी बाजारात आली. १८८४ साली नौकेने वाहिलेल्या त्या ४३५ किलोग्रॅमच्या तुलनेने ही बॅटरी किती हलकी आहे, ते माझ्या नातवाच्या तळहातावर पाहावयास मिळते. ह्या शोधाबद्दल तिघां शास्त्रज्ञांस २०१९ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

श्रोतेहो, आता पुन्हा आमच्या ओसरीवर या. त्या लहान विमानात सर्वांत जड वस्तू कोणती? बॅटरीच. आणि ती पोटातील खाचेत मागेपुढे सरकविता येते. केलींनी १८०४ साली आपल्या काठीवर जे वजन ठेविले होते, ते हेच. फरक एवढाच की, तेव्हाचे वजन केवळ तोल देत असे. आजचे वजन तोलही देते आणि बळही देते. राइट बंधूंस निरुपयोगी लोखंड वाहावे लागले. आम्हांस बॅटरी दोन बोटे पुढे सरकविणे पुरले असते, आणि तेवढेच आम्ही केले नाही!

विमानाचे धड आम्ही सरसासारख्या चिकट द्रव्याने जोडले. खडकावर आदळलेली बॅटरी मात्र वापरली नाही, कारण धक्का बसलेली अशी बॅटरी पेट घेऊ शकते, नवी आणली. नंतर पंखाची रुंदी मोजली. पुढच्या कडेपासून त्या रुंदीचा चौथा भाग सोडून एक खूण आणि तिसरा भाग सोडून दुसरी. आमच्या विमानासारख्या साध्या ठेवणीत गुरुत्वमध्य ह्या दोन खुणांच्या दरम्यान यावा लागतो. दोन्ही पंखांखाली पेन्सिलीने खुणा केल्या. मळसूत्री पंखा काढून ठेवला, कारण मोटर चुकून फिरली तर बोट कापते. बाकी सर्व वस्तू आपापल्या जागी बसविल्या, कारण अपुरे विमान तोलणे म्हणजे रिकाम्या घागरींनी कावड तोलण्यासारखे. काढलेला पंखाही नाकावर चिकटपट्टीने अडकविला. मग नातवाने दोन तर्जन्या खुणांखाली धरून विमान उचलले. शेपूट धपकन खाली गेली. बॅटरी बोटभर पुढे. शेपूट हळूच खाली. आणखी बोटभर पुढे. विमान बोटांवर आडवे राहिले आणि नाक अगदी किंचित झुकले. बॅटरी कोठे आली तेथे नातवाने आपण होऊन रेघ ओढली. त्यानंतर नाक व शेपूट धरून डावाउजवा तोल पाहिला. एक पंख जरा जड निघाला, तेव्हा दुसऱ्याच्या टोकास चिकटपट्टीचा तुकडा लावला.

पुढच्या रविवारी विमान हातातून सुटले ते सरळ गेले. नाक वर झाले, आपणच खाली आले आणि स्थिरावले. माळावर चार फेऱ्या घालून ते गवतात उतरले. चार फेऱ्यांत माझा हात दांडीवर किती कापत होता ते मी नातवास सांगितले नाही.

परंतु त्याचा पहिला प्रश्न अद्याप माझ्याजवळ आहे. मी गुरुत्वमध्य शिकविला काय? शब्द शिकविला, हे खरे. केली जे शिकले ते वजन सरकवून शिकले. लिलिएन्थालांनी त्याची किंमत प्राणांनी दिली. राइट बंधूंनी लोखंड बांधून ते मिळविले. माझ्या वर्गात पट्टी होती, पेन्सिल होती, चाळीस मुलांची ऐंशी बोटे तोलून पाहावयास तयार होती; आणि मी व्याख्या लिहून देत होतो. आता वर्ग राहिला नाही. म्हणून आज ही कबुली आपणांपुढे देत आहे. आपल्या घरी मुले असतील. उद्या त्यांच्या हाती एक पट्टी द्या, तिच्या एका टोकास खोडरबर ठेवा, आणि ती बोटावर कोठे तोलते ते त्यांचे त्यांस शोधू द्या. आपण मात्र मध्ये बोलू नका.